पहिला दात पडला, मागची दाढ पाहिली का?

सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाचा दुधाचा पहिला दात पडतो. आजी तो कौलांवर फेकायला लावते, उंदराकडे नवा मागते. ही गंमत आम्हालाही आवडते. पण हिरडी दुखते म्हणून मिश्री चोळणे आम्हाला मुळीच पटत नाही. निपाणी भागात तंबाखूचे पीक घरचेच, त्यामुळे मिश्री हाताशी असते. तंबाखू भाजल्याने त्यातले विष जात नाही, शिवाय पोराला सवय लागते ती वेगळीच. मिठाच्या कोमट पाण्याची चूळ पुरे.

याच सुमारास दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पडता, चार कायमच्या दाढा येतात. त्याही पडणारच असे समजून पालक कीड तशीच राहू देतात. ही दाढ गेली की पुन्हा येत नाही. आज रात्री मुलाला जवळ घेऊन बॅटरीच्या उजेडात तेवढी पाहा.