टिकवायचे कोणाला?

लोअर परळच्या काचेच्या इमारतींना सध्या एका चिंतेने ग्रासले आहे. माणसे टिकत नाहीत! शिकवून तयार केलेला पोरगा दोन वर्षांत दुसऱ्या कंपनीत जातो आणि जो राहतो त्याचे कामात मन नसते. यावर उपाय म्हणून सेमिनार भरतात, सल्लागार नेमले जातात, शुक्रवारी केक कापले जातात, ‘आपण सारे एक कुटुंब’ असे फलक भिंतींवर लागतात. आमचा केकला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच की, त्याच मजल्यावर फरशी पुसणारी बाई या कुटुंबात धरली आहे की नाही?

धरलेली नाही. तिच्या गणवेशावर कंपनीचे नाव नसते, ठेकेदाराचे असते. ती एकाच मजल्यावर वर्षानुवर्षे फरशी पुसते. पण ठेकेदार बदलला की तिची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. रजा नव्याने, गणवेशाची कपात नव्याने, प्रॉव्हिडंट फंडाची भानगड नव्याने. साहेबाला टिकवण्यासाठी खर्च आणि बाईला टिकू न देण्यासाठी युक्ती, आणि ही दोन्ही कामे एकाच कंपनीच्या एकाच बजेटमधून!

ही युक्ती समजून घेतली पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने असे ठरवले होते की, वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला नोटीस आणि नुकसानभरपाई दिल्याशिवाय कमी करता येणार नाही. झाले, मालकांनी दिवस मोजायला सुरुवात केली! २४० भरण्याआधी ‘ब्रेक’, नाहीतर ठेकेदाराचा पडदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. आता ठरावीक मुदतीच्या नोकराला एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळेल, असे सांगितले जाते. चांगलेच आहे. पण ज्याला अकरा महिन्यांचेच पत्र हातात मिळते, त्याने हे वर्ष कुठे शोधायचे? त्याच संहितेने कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी घ्यायची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांवर नेऊन ठेवली, हेही विसरता कामा नये.

लालबाग-परळच्या माणसाला यात नवे काही नाही. आजचा ठेकेदार म्हणजे कालचा जॉबर. गिरणीत माणूस लावायचा आणि काढायचा अधिकार जॉबरकडे असे, आणि लावताना तो दस्तुरी घेई. म्हणजे जितकी माणसे बदलतील तितकी त्याची कमाई! मग माणूस टिकावा असे त्याला का वाटेल? रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर घरी. अशा बदली कामगारांच्या जिवावर गिरण्या चालल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा बदलीवाल्यांना कायम करा हीसुद्धा एक मागणी होती.

आणि आमच्या माणसाचे तर दुहेरी मरण. साचा खात्यात पगार जास्त, पण ते खाते त्याला बंद! धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढावा लागतो, तो अस्पृश्याच्या तोंडाचा कसा चालेल? म्हणून त्याने रिंग खात्यात कमी पगारावर राबायचे. परळच्या बीआयटी चाळीत राहून हे सारे जवळून पाहिलेल्या बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले की, सर्व खाती अस्पृश्यांना खुली करा ही मागणी घ्या, नाहीतर आमची माणसे संपात राहणार नाहीत. नाखुशीने का होईना, ती मागणी यादीत घ्यावी लागली. ‘कामात मन का लागत नाही’ या प्रश्नाचे उत्तर त्या मागणीत आहे. ज्या गिरणीत चांगल्या खात्याचे दार जातीने बंद केले आहे, तिथे मन लावायचे तरी कशात?

पुढे मजूरमंत्री म्हणून त्यांनी कारखाना कायद्याची दुरुस्ती हाती घेतली आणि १९४६ मध्ये आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. आज आयटी कंपन्यांतली आपली मुले रात्री दहाला घरी येतात, तेव्हा हे ४८ तास कुठे गेले असे त्यांनी एकदा तरी विचारावे.

खासगी कंपन्यांचेच कशाला? मुंबई महापालिकेने रोजचा कचरा उचलणाऱ्यांना वर्षानुवर्षे ठेकेदाराची माणसे म्हणून दाखवले. हे काम कोणत्या समाजाच्या वाट्याला येते, हे आम्ही सांगायला नको. कचरा वाहतूक श्रमिक संघाने चिवटपणे लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतरही कागदांवरच्या नावांतल्या फरकावर बोट ठेवून कित्येकांना ताटकळत ठेवले गेले. मात्र एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: हे कामगार इतकी वर्षे काम सोडून गेले नाहीत. कचऱ्याच्या गाडीवर, बिनाहातमोज्यांचे, पण टिकले. सेमिनारवाल्यांना ‘निष्ठा’ शोधायची असेल तर त्यांनी पहाटे पालिकेच्या चौकीवर यावे.

उपाय नाहीत असे नाही. ब्रिटनमध्ये २००६ पासूनच्या नियमांप्रमाणे साफसफाईचा ठेकेदार बदलला तरी कामगाराची जुनी सेवा सर्वसाधारणपणे नव्या ठेकेदाराकडे चालू राहते. वर्षे पुसली जात नाहीत. आपल्याकडे ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने द्यावा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. त्यापुढचे एक पाऊल म्हणजे वर्षेही मूळ मालकाच्या जागेवर मोजावीत. महाराष्ट्र सरकारने हा नियम करावा आणि सुरुवात स्वतःच्या कार्यालयांपासून, रुग्णालयांपासून करावी, अशी आमची मागणी आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याच लोकांशी बोलायची आहे. चाळीतून शिकून वर आलेली आपली मुले-मुली आज याच इमारतींत एचआरच्या खुर्चीत बसली आहेत. ठेक्याचा कागद त्यांच्या टेबलावरून जातो. नव्या ठेकेदाराने जुनीच माणसे त्यांच्या जुन्या रजेसह घ्यावीत, ही एक ओळ त्या कागदात घालायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. या वेळी ठेका निघेल तेव्हा ती ओळ घालून पाहा. साहेब खोडतील, तर का खोडता, हे त्यांना लेखी विचारा.