सोसण्याचं कौतुक पुरे!



आपल्या इथल्या मराठी वर्तुळात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला की माणसं धावून येतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे. ऑपरेशनच्या वेळी मुलांना शाळेतून आणणं, केमोच्या दिवशी गाडीने सोडणं, फ्रीजमध्ये मावणार नाहीत इतके डबे. कुणी काही कमी केलं नाही. मग रेडिएशन संपतं, केस परत येतात आणि सगळे म्हणतात, "सुटलीस बाई एकदाची!" प्रत्यक्षात तिथून पुढे पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी घ्यायची असते. त्या वर्षांत डब्यांची गरज नसते, हे खरं. पण त्या वर्षांत जे होतं त्याला "किरकोळ" म्हणण्याची जी रीत पडली आहे, तिच्याशी मला आज भांडायचं आहे.

मी टॅमॉक्सिफेनच्या तिसऱ्या वर्षात आहे. माझा मुद्दा आधीच सांगून टाकते. या गोळीमुळे येणारे हॉट फ्लश (आपल्याकडच्या बायका "अंगातून गरम वाफा येतात" म्हणतात तेच) हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न नाही. ते असह्य झाले की बायका गोळी सोडतात, आणि सोडलेली गोळी कॅन्सर रोखत नाही. म्हणून गप्प सोसणं हा सद्गुण तर नाहीच, तो धोका आहे.

ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्तनाच्या कॅन्सरच्या बहुसंख्य गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. टॅमॉक्सिफेन त्या पेशींपर्यंत इस्ट्रोजेनला पोहोचू देत नाही. पाळी गेलेल्यांना देतात ती लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल ही औषधं इस्ट्रोजेन बनणंच जवळजवळ थांबवतात. पण मेंदूतला हायपोथॅलॅमस, म्हणजे शरीराचा थर्मोस्टॅट, इस्ट्रोजेनच्या भरवशावर चालतो. ते तुटलं की हा थर्मोस्टॅट हळवा होतो. खोलीचं तापमान जरासं वाढलं, एक कप चहा घेतला, तरी त्याला वाटतं आग लागली. कातडीतल्या रक्तवाहिन्या धाडकन उघडतात, छाती-मान-चेहरा पेटतो, काळजाची धडधड वाढते, घामाने कपडे चिंब होतात, आणि दोन-चार मिनिटांनी तीच बाई थंडीने कुडकुडते. हे दिवसातून दहा-बारा वेळा. रात्री प्रत्येक वेळी जाग. महिनोन्‌महिने सलग तीन तास झोप न मिळालेल्या माणसाला तुम्ही "पॉझिटिव्ह राहा" म्हणता!

आता "किरकोळ" हा शब्द आला कुठून ते पाहू. मी चेशायरमध्ये राहते, आल्डर्ली पार्कपासून फार लांब नाही. तिथल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६२ साली डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी टॅमॉक्सिफेन प्रथम तयार केलं. शोध चालू होता गर्भनिरोधकाचा. उंदरांमध्ये ते चाललं, पण स्त्रियांमध्ये उलट बीजोत्सर्गाला चालना देतं असं दिसलं, म्हणजे त्या कामाला ते बाद! मग मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमध्ये कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या ४६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि १९७१ मध्ये डॉ. मेरी कोल आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. औषधाचा मोठा गुण म्हणून त्यात नोंदलं गेलं ते हे, की त्रासदायक दुष्परिणाम कमी आहेत.

त्या काळी ते खरंच होतं. आधीचे उपचार म्हणजे इस्ट्रोजेनचे प्रचंड डोस किंवा पुरुषी संप्रेरकं. त्यांच्या तुलनेत गरम वाफा म्हणजे काहीच नाही. शिवाय त्या बायकांचा आजार बळावलेला होता. प्रश्न काही महिन्यांचा होता. आज तीच गोळी कोणाला देतात? गाठ काढून झालेल्या, नोकरीवर परतलेल्या, मुलांच्या जीसीएसईची काळजी करणाऱ्या बाईला. आणि किती काळ? पाच वर्षं, अॅटलस आणि अॅटॉम या चाचण्यांचे निष्कर्ष २०१२-१३ मध्ये आल्यापासून काहींना दहा वर्षं. रुग्ण बदलला, मुदत बदलली, "किरकोळ"चं माप मात्र १९७१ चंच राहिलं. मरणाच्या दारातल्या रुग्णासाठी वापरलेली मोजपट्टी दहा वर्षं जगायच्या बाईला लावायची, याला मी शास्त्र म्हणत नाही. ही सवय आहे.

गोळी कामाची आहे का? निःसंशय. ऑक्सफर्डच्या गटाने जगभरातल्या चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये दाखवलं की इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनमुळे पुढच्या १५ वर्षांत त्या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. एका साध्या, स्वस्त गोळीने! पण हा फायदा घेतलेल्या गोळीचा आहे, कपाटात ठेवलेल्या गोळीचा नाही. स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागात प्रिस्क्रिप्शनच्या नोंदी तपासून २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की ज्या बायका टॅमॉक्सिफेन नीट घेत नाहीत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. गोळी सोडणारी बाई कुणाला सांगत नाही. डॉक्टरांच्या संगणकावर ती अजून गोळी घेतच असते.

इथे आपल्या घरांकडे यावं लागतं. "आमची पाळी गेली तेव्हा आम्ही काही बोललो का?" असं सासूबाई फोनवर म्हणतात. वाईट हेतूने नव्हे, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. पण हा फरक त्यांना कुणीतरी सांगायला हवा: वयानुसार पाळी जाणं सावकाश होतं, इथे औषधाने इस्ट्रोजेनची वाट एकदम बंद होते आणि वर्षानुवर्षं बंद ठेवली जाते. शिवाय एचआरटीचा मार्ग आम्हाला जवळजवळ बंद आहे. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांना एचआरटी देऊन पाहणारी स्वीडनमधली हॅबिट्स चाचणी २००३ च्या अखेरीस थांबवावी लागली, कारण कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलं. गेल्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये रजोनिवृत्तीवर खूप बोललं जातंय, चांगलंच आहे. पण त्या बोलण्याचा शेवट बहुधा "एचआरटी घ्या" इथे होतो आणि आम्ही दाराबाहेर उभ्या राहतो.

आणि आपले पुरोगामी पुरुष? र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून "समाजस्वास्थ्य" चालवलं, खटले अंगावर घेतले, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. त्याला शंभर वर्षं झाली. पण आपल्याच बैठकीत एखादी बाई "मला फ्लश आलाय, खिडकी उघडता का?" म्हणाली की निम्मे पुरुष मोबाइलमध्ये डोकं घालतात. कर्व्यांचं नाव घ्यायला सोपं, खिडकी उघडायला अवघड!

तिसरी आघाडी व्हॉट्सअॅपची. "शतावरी घे, ज्येष्ठमध घे, नैसर्गिक आहे, अपाय नाही." बरं, साधा तर्क लावू. अशा पुड्या "स्त्री-संप्रेरकांचं संतुलन राखतात" म्हणून विकल्या जातात. तसं काही त्या करत नसतील तर पैसे वाया. आणि खरंच इस्ट्रोजेनसारखं काम करत असतील, तर जे अडवायला मी रोज गोळी घेते तेच मी चमच्याने पोटात ढकलतेय! ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना या त्रासासाठी सोया आयसोफ्लेव्होन, रेड क्लोव्हर, ब्लॅक कोहोश, ई जीवनसत्त्व किंवा चुंबकाची उपकरणं देऊ नयेत. कोकम सरबत आणि वाळ्याचं पाणी खुशाल प्या, गार वाटतं. त्याला औषध म्हणू नका एवढंच.

मग उपाय आहेत का? आहेत, आणि राग याचाच येतो. किंग्ज कॉलेज लंडनच्या मायरा हंटर यांच्या गटाने मेनॉस-१ ही चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणाऱ्या मानसोपचाराच्या गटवर्गांनी कॅन्सरनंतरच्या फ्लशचा जाच स्पष्टपणे कमी झाला. लगेच कुणी म्हणेल, "म्हणजे मनाचेच खेळ ना!" नाही हो. वाफ येतेच. पण श्वास संथ ठेवणं, रात्री जाग आल्यावर काय करायचं ते ठरवून ठेवणं, "सगळे माझ्याकडेच बघताहेत" हा विचार तपासणं, यामुळे ती वाफ दिवस खाऊन टाकत नाही. पुढे मेनॉस-४ चाचणीत ब्रेस्ट केअर नर्सेसनी हे वर्ग घेतले, तेव्हाही फायदा दिसला.

औषधंही आहेत. वेन्लाफॅक्सिन, गाबापेंटिन, ऑक्सिब्युटिनिन, क्लोनिडीन. प्रत्येकाचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत, तेव्हा निवड डॉक्टरांबरोबर करायची. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर एका एन्झाइममुळे त्याचं प्रभावी रूप बनतं, आणि पॅरॉक्सेटिन व फ्लुऑक्सेटिन तेच एन्झाइम अडवतात. म्हणून टॅमॉक्सिफेनबरोबर ती टाळतात. नव्या गोळ्यांचा रोख थेट मेंदूतल्या त्या थर्मोस्टॅटवर आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या २०१७ मधल्या कामाने या वाटेला बळ दिलं. फेझोलिनेटंटला ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, पण स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांवर ते तेव्हा तपासलेलं नव्हतं, त्यांच्यासाठी त्याची शिफारस नाही. एलिन्झानेटंटला जुलै २०२५ मध्ये परवानगी मिळाली, आणि त्याची एक चाचणी खास आमच्यासारख्या, संप्रेरक उपचार घेणाऱ्या बायकांवर झाली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्येच आले आणि ते चांगले आहेत. परवानगी मिळणं आणि एनएचएसवर हातात पडणं या दोन वेगळ्या गोष्टी, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण विचारल्याशिवाय काहीच हातात पडत नाही.

आणि इथेच आपलं घोडं पेंड खातं. आता अनेक हॉस्पिटलांत उपचारानंतर ठराविक तपासण्यांऐवजी "त्रास झाला तर तुम्ही फोन करा" अशी व्यवस्था आहे. ही व्यवस्था तक्रार करणाऱ्या बाईला धरून आखलेली आहे. आपण तर मुलींना लहानपणापासून तक्रार न करण्याचंच वळण लावलं! फोन येत नाही, म्हणजे बाई मजेत आहे, असा अर्थ लागतो. वर आपला परदेशस्थ भिडस्तपणा: "एवढे महागडे उपचार फुकट मिळाले, आता आणखी काय मागायचं?" अहो, फुकट नाही. टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स भरलाय, आणि काहींनी व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्जही. मीही एका डॉक्टरांकडून "छोटा पंखा घ्या" एवढाच सल्ला ऐकून आले आहे. पंखा घेतला. मग पुन्हा फोन केला.

"जीव वाचला हे काय कमी आहे?" हा आक्षेप येणारच. कमी नाही. पण जीव वाचवणारी गोळी दहा वर्षं घेता यावी, हेच तर मी मागतेय.

तेव्हा चार गोष्टी.

१) बहिणींनो, दोन आठवडे वही ठेवा: किती वेळा, रात्री किती, कशानंतर. वही घेऊन जा आणि उपायाचं नाव घेऊन विचारा. गोळी मनाने बंद करू नका. औषध बदलणं किंवा देखरेखीखाली थोडे दिवस थांबवून पाहणं या गोष्टी डॉक्टर करू शकतात.

२) हक्क वापरा. समानता कायदा २०१० नुसार कॅन्सर निदानाच्या दिवसापासून अपंगत्वात धरला जातो (नॉर्दर्न आयर्लंडमध्ये जुना १९९५ चा कायदा आहे). खिडकीजवळची जागा, पंखा, वाईट रात्रीनंतर उशिरा सुरुवात, हे मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २००९ पासून कॅन्सर रुग्णांना प्रिस्क्रिप्शन मोफत आहेत, उपचारांच्या परिणामांसाठीसुद्धा. जीपीकडे एफपी ९२ ए हा फॉर्म मागा. (स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये सगळ्यांनाच मोफत आहेत.)

३) हे वाचणाऱ्या डॉक्टरांनो (आपल्यात तुम्ही बरेच आहात!), "गोळ्या चालू आहेत ना?" एवढ्यावर थांबू नका. "झोप लागते का? गोळी सोडावीशी वाटते का?" हे विचारा. मराठीत विचारलंत तर खरं उत्तर मिळेल.

४) मंडळांनी वर्षातली एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. पुरुषांसकट. आणि हॉलचं हीटिंग थोडं कमी ठेवावं.

मतभेद असतील तर जरूर लिहा, उत्तर देईन. "सगळ्यांसमोर हे कशाला?" असं मात्र कृपया लिहू नका.

आपली,
एक वाचक, चेशायर