१५ जूनची घंटा

मृगाच्या सरी अजून पुरत्या स्थिरावलेल्या नसतात, अंगणातल्या मातीचा वास दोनच दिवसांचा असतो, आणि घराघरांत वह्यांना खाकी कव्हरे घालण्याचे काम रात्री उशिरापर्यंत चाललेले असते. बोटांना डिंक चिकटलेला, नावाच्या चिठ्ठ्या आईने लिहायच्या की ताईने यावर वाद, दारामागे नवा रेनकोट टांगलेला. पंचांगाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि कचेऱ्यांचे एप्रिलमध्ये. लेकुरवाळ्या घराचे वर्ष मात्र जूनच्या मध्यालाच उजाडते. काही शाळा हल्ली एप्रिलमध्येच नवा वर्ग भरवतात, विदर्भातल्या मुलांना उन्हापायी आठवडा-दोन आठवडे अधिक मिळतात. तरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मनात शाळेची घंटा आणि पहिला पाऊस यांची जी गाठ बसली आहे, ती सुटलेली नाही.

या सकाळी गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या दाराला आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण असते. पहिलीत येणाऱ्यांना बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरमध्ये बसवून मिरवत आणतात, हातात गुलाबाचे फूल आणि बालभारतीची कोरी पुस्तके देतात, दुपारच्या खिचडीबरोबर त्या दिवशी काहीतरी गोड असते. शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच फाटक असते, रखवालदार असतो, छातीवर ओळखपत्र असते आणि आईच्या पर्समध्ये फीच्या पहिल्या हप्त्याची पावती असते. दोन्ही दारांतले मूल मात्र सारखेच भेदरलेले, आईचे बोट न सोडणारे. त्याला फीचे काही ठाऊक नसते. तो प्रश्न आपला. आणि मुले झोपल्यावर, स्वयंपाकघराचा दिवा तेवढा ठेवून, हलक्या आवाजात आपण तो एकमेकांना विचारत असतो. एवढी फी भरून मुलाला खाजगी शाळेत घालावे का?

नाशिकच्या एका वसाहतीत शाळेची मुले ने-आण करणारे एक रिक्षावाले काका आहेत. दुसऱ्यांची सात-आठ मुले रोज सकाळी वेळेवर पोहोचवतात. त्यांची स्वतःची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत शिकते, आणि तिच्या फीसाठी काका रात्री नाशिक रोड स्टेशनवर दुसरी पाळी करतात. मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मुलीच्या डायरीत इंग्रजीत काही लिहून आले होते आणि खाली पालकाची सही हवी होती. काकांनी डायरी दिव्याखाली धरली, थोडा वेळ पाहिली आणि तिच्याकडे परत दिली. तिने वाचून दाखवले. मुलगी गणितात मागे पडते आहे, घरी सराव करून घ्यावा, असे बाईंनी लिहिले होते. पोरीने एक शब्द लपवला नाही. काकांनी पेन मागितले, मराठीत सही केली, आणि मग बराच वेळ पेनाचे टोपण लावत-काढत बसून राहिले. सराव घ्यायचा तर रात्रीची पाळी सोडायला हवी, आणि पाळी सोडली तर फी कुठून आणायची?

काकांना कोणी अडाणी म्हणू नये. इंग्रजी न आल्यामुळे कोणकोणत्या दारांशी थांबावे लागते, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. बँकेत, दवाखान्यात, मोठ्या कंपनीच्या फाटकावर. आपल्या लेकीला तिथे थांबावे लागू नये एवढीच त्यांची इच्छा आहे, आणि तिच्यात चुकीचे काही नाही. पण त्या रात्री दिव्याखाली जे घडले, ते थोड्याफार फरकाने आपल्याही घरात घडते. फी भरण्यासाठी आपण जो वेळ विकतो, तो बहुतेकदा मुलाच्या वाट्याचाच असतो. आई-बाबा दोघेही आठ वाजता घरी येतात, थकलेले असतात, आणि मग शाळेच्या फीवर क्लासची फी चढते, कारण अभ्यासाला बसवायला घरी कोणी उरलेले नसते.

एक हिशेब आपण कधीतरी चाळीस पानी वहीत मांडून पाहायला हवा. नर्सरीपासून दहावीपर्यंतची वर्षे १३. आज वर्षाला १ लाख रुपये फी असलेली शाळा निवडली आणि फी दरसाल ८ टक्क्यांनी वाढत गेली, तर दहावीच्या वर्षी ती अडीच लाखांवर जाते आणि तेरा वर्षांची बेरीज साडेएकवीस लाखांच्या आसपास होते. बस, ठरावीक दुकानातूनच घ्यायचा गणवेश, सहल आणि क्लास यात धरलेले नाहीत. दोन मुले असतील तर रक्कम दुप्पट होते. प्रवेशाच्या दिवशी आपण फक्त पहिल्या वर्षाचा आकडा पाहतो, आणि तो कसाबसा बसतो म्हणून सही करतो. सातव्या-आठव्या वर्षी तो बसेनासा होतो तेव्हा मुलाचे मित्र, बाई, बाक, सारे त्या शाळेत रुजलेले असतात. मग पाटल्या मोडतात.

आणि त्या पैशात नक्की काय मिळते? आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे, पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी याचा मोठा अभ्यास केला. सरकारी शाळांतल्या मुलांच्या आई-वडिलांकडून अर्ज घेतले, सोडत काढली, आणि ज्यांची नावे निघाली त्यांना खाजगी शाळेत फुकट शिकण्याची सोय करून दिली. चार वर्षांनी पाहिले तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. हिंदीत खाजगी शाळांतली पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवली जात होती. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती सरकारी शाळेला लाज आणणारी आहे: खाजगी शाळांनी तेलुगू-गणिताला कमी तास देऊन आणि दर मुलामागे एक तृतीयांशाहूनही कमी खर्च करून तेवढेच साधले होते. त्या गावाकडच्या स्वस्त शाळा होत्या, पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही पावतीवरचा आकडा आणि मुलाच्या डोक्यात गेलेले गणित ही दोन वेगळी खाती आहेत, हे ज्याला-त्याला मनाशी धरून ठेवावे लागेल.

महाराष्ट्रात खाजगी शाळेला एकेकाळी फार वेगळा अर्थ होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती सरकारने काढलेली नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले तेही खाजगीच. १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. तेव्हाही शाळेपायी घरातले सोने मोडले जात होते. पण ते दुसऱ्यांच्या लेकरांसाठी. दुसऱ्या बाजूने जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीने द्यावे अशी मागणी मांडली, आणि १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. ज्या मातीत शाळेत न घालण्याचा दंड होता, तिथे आज शाळेत घालण्यासाठी कर्ज निघते, हे आठवले की या दिवशी मन थोडे थबकते.

आपण सारे सरकारी शाळेतून का निघालो, याची कारणे खरी आहेत. चार वर्गांना मिळून दोन शिक्षक. त्यातले एक निवडणुकीच्या नाहीतर कुठल्या सर्वेक्षणाच्या कामावर. रिकाम्या जागा वर्षानुवर्षे न भरलेल्या, पाणी नसलेली स्वच्छतागृहे. मोठ्या मुलीला तिथे पाठवताना आईचा जीव धजावत नाही, आणि त्या आईला मातृभाषेवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र हेही तितकेच खरे, की ज्यांचा आवाज वर पोहोचतो अशी घरे एकेक करून बाहेर पडली, तसा त्या शाळांचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरांची मुलगी गेली, तलाठ्याचा मुलगा गेला, शेवटी त्याच शाळेतल्या गुरुजींचाही मुलगा गेला. आज वीसपेक्षा कमी पट असलेल्या हजारो शाळा राज्यात आहेत, आणि भिंतीवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ ही जुनी अक्षरे कुठे कुठे अजून दिसतात.

आणि तरीही त्याच व्यवस्थेतून माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले २०२० साली ग्लोबल टीचर प्राइजचे मानकरी ठरले, आणि १० लाख डॉलरच्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने २०२५ मध्ये जगभरच्या शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. अशा शाळांतून प्रवेशासाठी रांगा लागतात. कित्येक जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळांत आता सेमी इंग्रजीही आहे: गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकीचे मराठीत. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत मूल विचार करायला शिकते आणि इंग्रजीची भीतीही मोडते. ही वाट आपण पुरती तपासून पाहिलेलीच नसते.

तेव्हा आपले प्रांजळ मत असे, की ज्या फीसाठी घरातली संध्याकाळ गहाण पडते, ती फी मुलाला महाग पडते. शाळा कितीही नावाजलेली असो. निदान चौथीपर्यंत तरी चालत जाण्याजोगी, ओळखीच्या बाई असलेली शाळा आणि सहा-सात वाजता घरी असलेले आई-वडील यांची बरोबरी कोणताही स्विमिंग पूल करू शकत नाही. ज्यांना फी सहज झेपते त्यांनी ती जरूर भरावी. पण त्यांनीही शाळा पाहायला प्रवेशाच्या सजवलेल्या दिवशी जाऊ नये. साध्या मंगळवारी, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहावे. मुले कशी बाहेर येतात, बोलत येतात की गप्प, ते पाहावे. शेजारच्या मुलाची वही मागून घ्यावी: लाल शाईची नुसती खूण आहे, की चूक कुठे झाली ते बाईंनी शेजारी लिहिले आहे? त्या बाई शाळेत किती वर्षे टिकल्या आहेत, हेही विचारावे. भरमसाट फी घेऊन शिक्षकांना तुटपुंजा पगार देणाऱ्या शाळेत दर जूनला नव्या बाई येतात, आणि मूल दर जूनला नव्याने अनोळखी होते.

शाळा कोणतीही निवडली तरी ‘पालक’ या शब्दातले पालन फीपाशी संपत नाही. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे; खाजगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी, असे २०११ चा कायदा सांगतो. त्या बैठकीच्या दिवशी आपण रजा टाकत नाही. सरकारी शाळेची व्यवस्थापन समिती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांच्याच हाती दिली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. त्याच कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखल्या. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट देणारा नियम २०२४ च्या फेब्रुवारीत राज्याने केला, आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. आपल्या मुलाच्या शेजारच्या बाकावर जे मूल या मार्गाने येऊन बसते, त्याला वाढदिवसाला घरी बोलावणे हेही पालनच आहे. ते कायदा करू शकत नाही, आपणच करायचे असते.

नाशिकचे काका यंदा बराच काळ घोळत होते. मुलीला आहे तिथेच ठेवायचे ठरले. आता तिथून हलवणे तिच्यावर अन्याय झाला असता. धाकट्याचे नाव मात्र घरामागच्या महापालिकेच्या शाळेत, सेमी इंग्रजीच्या वर्गात घातले आहे. बायकोचे मन अजून खात नाही असे नाही. एकीचीच फी भरायची म्हणून काकांनी आठवड्यातल्या तीन रात्री स्टेशनवर जाणे बंद केले. त्या तीन रात्री मुलगी गणिताचे पुस्तक घेऊन बसते, आणि ती उदाहरण कसे सोडवते ते काकांना मराठीत समजावून सांगते. कुठे अडली की दोघे मिळून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात. धाकट्याने पहिल्या दिवशी मिळालेले बालभारतीचे पुस्तक उशाशी घेऊन ठेवले आहे, अजून त्याला कव्हर घालू देत नाही.