जुन्या धोतराचें भूत

अमेरिकेंत राहणाऱ्या एका वाचकभगिनीनें आम्हांस पत्रानें विचारलें आहे, तें असें: तेथें ऑक्टोबरच्या अखेरच्या सायंकाळीं मुलें नानाप्रकारचीं सोंगें घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात, आपल्या मुलांस त्यांत जाऊं द्यावें किंवा कसें, आणि जाऊं दिल्यास एका सायंकाळच्या सोंगापायीं दरवर्षीं इतका पैसा घालावा काय? प्रश्न दोन आहेत. पहिल्याचें उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस एका चुकीनें प्राप्त झाला आहे. म्हणून ती चूक आधीं सांगतों.

२०२३ सालच्या आश्विनांत आम्ही उभयतां न्यूजर्सी येथें कन्येकडे होतों. गल्लींत दारोदार केशरी भोपळे मांडलेले आणि झाडांना कागदी सांगाडे टांगलेले. जेवतांना विषय निघाला, तेव्हां आम्हीं मास्तरी आवाजांत सांगितलें कीं, दिवाळी तोंडावर आली असतां आपल्या घरीं भुतांचा उत्सव करण्याचें कांहीं कारण नाहीं. आठ वर्षांचा नातू खालीं मान घालून म्हणाला, "मला नाहींच जायचं, आजोबा." आपला उपदेश इतक्या लवकर फळास आला याची आम्हांस धन्यता वाटली.

रात्रीं कन्या पाण्याचा तांब्या ठेवावयास खोलींत आली आणि हळूच म्हणाली, "त्याला जायचंय, बाबा. ह्यांची नोकरी सप्टेंबरांत गेली. तुम्हां दोघांना काळजी नको म्हणून बोललों नाहीं. रात्रीं आम्ही हिशेब मांडीत होतों तो त्यानं ऐकला आहे. परवां दुकानांत त्यानं अंतराळवीराचा पोषाख हातांत घेतला, पंचेचाळीस डॉलरची चिठ्ठी पाहिली आणि आपण होऊन परत टांगून ठेवला."

चौतीस वर्षें मुलांचे चेहरे वाचण्यांत घालविलेल्या मास्तराला घरच्या मुलाचा चेहरा वाचतां आला नाहीं. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत जाऊन आम्हीं या सणाची चौकशी केली. 'हॅलो' या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ संत. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांत सर्व संतांचा दिवस. त्याची आदली सायंकाळ ती हॅलोवीन. त्याच्याही पूर्वीं आयर्लंड-स्कॉटलंडकडील लोक सुगी सरून हिवाळा लागतांना 'साउइन' नांवाचा सण पाळीत, आणि त्या रात्रीं मृतांचे जीव इहलोकाकडे फिरकतात अशी त्यांची समजूत असे. पितृपक्षांत पान वाढणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. आयरिश लोक सलगम पोखरून त्याचा दिवा करीत. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळांत त्यांच्या झुंडीच्या झुंडी अमेरिकेंत आल्या. तेथें त्यांस पोखरावयास सोपा असा भोपळा मिळाला. आपल्याकडचा तांबडा भोपळाही मूळचा त्याच खंडांतला. आपण नव्या घराच्या दारास कोहळा टांगतों, ते उंबऱ्यापाशीं भोपळा ठेवतात. अभद्र बाहेर राहावें, ही इच्छा दोहोंकडे सारखीच.

आणखी एक गोष्ट समजली. १९०९ सालीं डेनिसन नांवाच्या अमेरिकन कागद-कंपनीनें 'बोगी बुक' नामक पुस्तक काढलें; कागदाचीं सोंगें व शोभा घरीं कशी करावी हें त्यांत सांगितलेलें असे. म्हणजे तयार पोषाख विकत आणण्याची रीत मागाहूनची. आपलीं मुलें दिवाळींत अंगणांतल्या मातीचा किल्ला करीत, त्याच जातीचा हा उद्योग होता. हें वाचून आम्ही घरीं परतलों आणि नातवास जवळ घेऊन म्हणालों, "काल आजोबा चुकले. तूं शेतांतलें बुजगावणें पाहिलें आहेस काय?"

आतां कृतीकडे वळतों. जांवईबापूंनीं आपला जुना चौकड्यांचा सदरा आणून दिला. सौभाग्यवतींनीं बाह्या आंखूड करून त्यावर जुन्या पातळाच्या काठांचीं ठिगळें मोठमोठ्या टांक्यांनीं शिवलीं. बुजगावण्याच्या मनगटांतून गवत डोकावलें पाहिजे. पण सुकें गवत ठिणगी पडतांच पेटतें. म्हणून एक विटलेला पिवळा लोकरी स्वेटर उसवून त्या धाग्यांच्या झुपक्या बाह्यांच्या व विजारीच्या तोंडाशीं टांचल्या. खरी लोकर सहसा भडकत नाहीं. डोक्यास घरांतलीच जुनी टोपी. मुखवटा मुद्दाम केला नाहीं, कारण त्याच्या भोकांतून मुलाला बाजूची मोटार दिसत नाहीं. त्याऐवजीं गालांवर दोन तांबडे ठिपके आणि नाकावर एक त्रिकोण. साधें क्रीम आणि तितकेंच कॉर्नफ्लॉअर कालवून त्यांत खाण्याचा रंग थेंबभर घालावा. आदल्या दिवशीं हातावर लावून पाहावें आणि कांहीं न उठल्यास मगच तोंडास लावावें. सौभाग्यवती डोळ्यांखालीं काजळाच्या रेघा काढणार होत्या. पण बाजारच्या कांहीं काजळांत शिसें आढळलें आहे, असें सांगून कन्येनें त्यांस थांबविलें.

शोभेसाठीं आमचें पूजेचें एक विरलेलें धोतर कामीं आलें. "सोवळ्याचं का भूत करायचं?" म्हणून सौभाग्यवतींनीं हरकत घेतली, परंतु तें फाटून वर्ष झालें होतें, हेंही त्यांनींच कबूल केलें. कॉर्नफ्लॉअर दोन मोठे चमचे घेऊन कपभर थंड पाण्यांत कालवावें आणि मंद आंचेवर ढवळीत दाट होईपर्यंत शिजवावें. ही खळ निवाली कीं धोतराचा हातभर चौकोनी तुकडा तींत बुडवून पिळावा. बाटलीवर चेंडू ठेवून त्यावर तो पसरावा, कडा खालीं लोंबूं द्याव्या. रात्रभर वाळल्यावर बाटली व चेंडू अलगद काढून घ्यावे. कापड तसेंच उभें राहतें. काळ्या कागदाचे दोन डोळे डकविले कीं भूत तयार! एका धोतरांत आमचीं सात भुतें झालीं. मेपलचीं गळलेलीं तांबडीं-पिवळीं पानें दोऱ्यांत ओंवून त्यांचें तोरण दारास बांधलें. त्यास तर छदामही लागला नाहीं.

भोपळा एक विकत घेतला. त्याचें झांकण कापून बिया काढाव्या, धुवून कोरड्या कराव्या आणि किंचित् तेल-मीठ लावून भाजाव्या. मुलें आवडीनें खातात. कोरण्याचे मोठे भोपळे चवीस पाणचट असतात. घारगे करावयाचे असतील तर लहान गोड भोपळा निराळा घ्यावा. कोरण्याची सुरी मोठ्या माणसाच्याच हातीं असावी. मुलानें पेन्सिलीनें नाक-डोळे आंखून द्यावे.

तीन गोष्टींत मात्र काटकसर करूं नये. भोपळ्यांत आणि कापडी भुतांखालीं मेणबत्ती न ठेवतां बॅटरीचा लहान दिवा ठेवावा. दारीं येणाऱ्या मुलांचे घोळदार झगे क्षणांत पेट घेऊं शकतात. सोंग घोट्याच्या वरच असावें, म्हणजे पाय अडकत नाहीं. पाठीवर व पिशवीवर प्रकाशांत चमकणारी पट्टी चिकटवावी आणि बरोबर वडील माणूस असावें. कारण त्या सायंकाळीं तेथें पायीं जाणाऱ्या मुलांना मोटारींचे अपघात इतर दिवसांहून अधिक होतात.

दारीं येणाऱ्यांचाही विचार करावा. कित्येक मुलांना शेंगदाणा, दूध इत्यादि पदार्थ बाधतात; प्रसंगीं जिवावर बेततें. २०१४ पासून तेथें अशी रीत पडली आहे कीं, ज्या घरीं खाऊखेरीज दुसरी वस्तु मिळते, तेथें मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवतात. आम्हीं एक लहान भोपळा तसा रंगविला आणि पेन्सिली ठेवल्या. मास्तराच्या घरीं दुसरें काय शोभणार!

सायंकाळ झाली. नोकरी गेल्यापासून जांवईबापू शेजाऱ्यांच्या दृष्टीस पडणें टाळीत असत. त्या दिवशीं नातू त्यांचें बोट धरून निघाला आणि त्यांना जावेंच लागलें. आम्ही मागून चाललों होतों. चौथ्या कीं पांचव्या दारीं एका वृद्ध बाईंनीं कौतुकानें विचारलें, हा पोषाख कोणत्या दुकानांतला? नातवानें छाती काढून उत्तर दिलें, "हा माझ्या बाबांचा सदरा आहे, आणि आजीनं शिवला आहे." जांवईबापू पायऱ्यांखालीं उभे होते. त्यांनीं मान दुसरीकडे वळविली. पण पुढच्या दारीं ते पायऱ्या चढून मुलाबरोबर वर गेले, आणि शेजाऱ्याशीं बराच वेळ बोलत राहिले.

तेव्हां भगिनी, आपल्या पहिल्या प्रश्नास आमचें उत्तर असें: मुलांस अवश्य जाऊं द्यावें, आणि आपणही बरोबर जावें. दुसऱ्याचें उत्तर आपल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यांत आहे. तो एकवार उघडून पाहावा. आणि मूल आपण होऊन "मला नको" म्हणालें, तर आमच्यासारखी धन्यता मानूं नये. तें कां नको म्हणतें, हें रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां जवळ बसून विचारावें.