दीडचा आकडा कुठल्या पाण्याचा?

रस्त्यासाठी डोंगर कापायचा ठरला की आराखड्यात एक आकडा हमखास येतो : १.५. हा फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे सुरक्षा गुणांक. उताराची माती जागेवर धरून ठेवणाऱ्या ताकदीला तिला खाली ओढणाऱ्या बळाने भागायचं. उत्तर १ आलं की उतार सुटण्याच्या बेतात आहे, १.५ आलं तर धरणारी ताकद ओढीच्या दीडपट आहे. बैठकीत हा आकडा वाचला की सगळे निश्चिंत होतात. ‘यात पाणी किती धरलं?’ हे विचारल्याशिवाय मात्र कुणीही निश्चिंत होऊ नये.

एक साधं गणित मांडू. उतार २५ अंशांचा, माती चिकटपणा नसलेली, तिचा घर्षणकोन, म्हणजे कोरडी असताना ती केवळ घर्षणावर टिकू शकेल तो कमाल उतार, ३५ अंश. कोरड्यात सुरक्षा गुणांक १.५ येतो. आता पाऊस एवढा मुरला की पाणी पृष्ठभागापर्यंत चढलं आणि उताराच्या दिशेनेच झिरपू लागलं. तोच उतार, तीच माती. गुणांक साधारण ०.७५. म्हणजे पाणी तिथवर चढण्याआधीच दरड खाली आलेली असते. पाण्याने माती जड होते, हे त्यामागचं खरं कारण नव्हे. अभियंते कार्ल तेर्झागी यांनी १९२० च्या दशकात खरं कारण सांगितलं : माती उभी राहते ती कण एकमेकांवर दाबले गेल्यामुळे. पोकळ्यांतलं पाणी तो दाब स्वतःवर घेऊ लागलं की घर्षण कमी होतं आणि पकड सुटते. आणि रुंदीकरणासाठी पायथा कापून हाच उतार ३५ अंशांवर नेला, तर भर उन्हाळ्यातही गुणांक १ वर येतो.

दीडमधला तो वरचा अर्धा भाग कशासाठी राखलेला असतो? जे माहीत नाही त्यासाठी. अख्ख्या डोंगराचा अंदाज मोजक्या बोअरच्या नमुन्यांवरून बांधायचा असतो. दोन बोअरच्या मध्ये एखादा कमकुवत थर दडलेला असू शकतो. पण कोकणातला पाऊस अज्ञात नाही. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. दक्षिण कोकणात बऱ्याच ठिकाणी वर सच्छिद्र जांभा आणि खाली मऊ चिकणमाती असते. पाणी जांभ्यातून झरझर उतरतं आणि चिकणमातीवर अडतं. हे सगळं ठाऊक असताना पावसाचा भार राखीव ताकदीवर टाकणं म्हणजे तिजोरी आधीच रिकामी करून ठेवणं.

याची किंमत आपण मोजली आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतर रेल्वेने अनेक ठिकाणी कटिंगचे उतार सौम्य केले, जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला. मुंबई-गोवा महामार्गावर मात्र २०२२ च्या पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे परशुराम घाट वाहतुकीसाठी बंद करावा लागला. खड्या कटिंगला भूसंपादन कमी लागतं, खोदाई कमी लागते. ही बचत प्रकल्पाच्या हिशेबात दिसते. बंद घाट आणि गेलेले जीव त्या हिशेबात कुठेच येत नाहीत.

हाँगकाँगने वेगळा मार्ग धरला. १८ जून १९७२ च्या एका दिवसात तिथे दोन दरडींनी १३८ बळी घेतले. १९७६ मध्ये तिथल्याच साऊ माऊ पिंग भागात दरडीने पुन्हा १८ जण गेले. १९७७ मध्ये सरकारने उतारांसाठी स्वतंत्र कार्यालय उभारलं. तिथल्या नियमावलीने जीवितहानीचा मोठा धोका असलेल्या नव्या उतारांसाठी १.४ गुणांक ठरवला, आणि तोसुद्धा दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातला. आज तिथले सुमारे साठ हजार मानवनिर्मित उतार नोंदवलेले आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे, देखभाल कुणी करायची हे ठरलेलं आहे.

कारण गुणांक एकदा मिळवला की कायमचा राहत नाही. माथ्यावरचा चर गाळाने भरला, भिंतीतली पाणी निघायची छिद्रं बुजली, शॉटक्रीटच्या, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटच्या थरामागे पाणी कोंडलं, तर कागदावरचे १.५ कागदावरच राहतात.

म्हणून आपल्या घाटांतल्या प्रत्येक कापलेल्या उताराला क्रमांक द्या. त्याचा भर पावसातला गुणांक आणि त्यात धरलेली पाण्याची पातळी जाहीर करा. धोक्याच्या जागी पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं बसवा. मे महिन्यात निचरा कुणी तपासला, त्या अधिकाऱ्याचं पद फलकावर लिहा. आणि पावसातला आकडा पुरेसा येत नसेल, तर जमीन जास्त घ्या, उतार सौम्य करा, नाहीतर बोगदा काढा. तोवर त्या कटिंगला तांत्रिक मंजुरी देऊ नका.