निग्रहाचं कौतुक पुरे



मी सिगरेट सोडली हे कळल्यापासून जो भेटेल तो माझ्या मनोनिग्रहाचं कौतुक करतो आहे. इथे बेलव्ह्यूत एका सत्यनारायणाला (मी प्रसादापुरता जातो, त्यावर वाद नंतर घालू) एका ज्येष्ठ गृहस्थांनी तर "शेवटी संस्कार कामाला येतात" असं जाहीरच करून टाकलं. या कौतुकाला माझा विरोध आहे, आणि तो विनयापोटी नाही. 'निग्रह' म्हटलं की ज्याला जमलं तो थोर ठरतो आणि ज्याला जमत नाही तो नालायक. आपण इतर सगळ्या प्रश्नांत समाजरचनेकडे बोट दाखवतो. मग तंबाखूची गोष्ट निघाली की आपल्यातलेच लोक एकदम कीर्तनकार का होतात?

झालं ते असं. दोन वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत माझा रक्तदाब १५८/९६ निघाला. डॉक्टरीण बाईंनी तेवढ्यावर निकाल दिला नाही, दोन आठवडे घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं. आकडे तसेच आले. इथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली, पण मी जुन्या रेषेच्याही पलीकडे होतो. गोळी सुरू झाली, आणि त्याच भेटीत सिगरेटचा विषय निघाला.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्या मंडळींत फार आहे. सिगरेट सोडली म्हणजे बीपी आपोआप जागेवर येतं असं नाही. प्रत्येक सिगरेटमागे दाब आणि नाडी थोडा वेळ चढते आणि उतरते. खरा धोका जोडीचा आहे. वाढलेला दाब रक्तवाहिन्यांना आतून झिजवतो आणि धूरही तेच करतो. दोन्ही एकत्र आले की हृदयविकार आणि पक्षाघाताची शक्यता फार वाढते. त्यामुळे "सिगरेट सुटली, आता गोळी कशाला" हेही चूक, आणि "गोळी चालू आहे, मग एखादी ओढली तर काय" हेही चूक.

आता निग्रहाचा हिशेब मांडू. वॉशिंग्टन राज्यात नोव्हेंबर २००५ मध्ये मतदारांनी सुमारे ६३ टक्के मतांनी एक कायदा मंजूर केला आणि ८ डिसेंबरपासून तो लागू झाला. ऑफिस, हॉटेल, बार, कुठेही आत धूम्रपान नाही. एवढंच नव्हे, दारं, खिडक्या आणि हवेचे झरोके यांच्यापासून २५ फूट लांब जायचं. बेलव्ह्यूच्या हिवाळ्यात २५ फूट म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पाऊस, चार वाजता अंधार, आणि टोपी ओढून पार्किंगच्या कडेला उभे असलेले आम्ही तिघेचौघे. तिथे विचारस्वातंत्र्याचा आनंद वगैरे काही मिळत नाही. दिवसाच्या दहा-बारा सिगरेटींवरून मी पाचावर आलो तो या २५ फुटांमुळे.

दुसरा वाटा कराचा. या राज्यात २०१० पासून पाकिटामागे तीन डॉलरच्या वर कर आहे. हा कर गरिबाच्या खिशाला जास्त लागतो, हा आपल्यातल्या काहींचा आक्षेप खरा आहे. मला तो कर रद्द करण्याचं कारण वाटत नाही. त्या पैशातून गरिबाला व्यसन सोडायला फुकट मदत द्या, अशी मागणी मात्र केली पाहिजे.

तिसरा वाटा औषधाचा. दंडावर चिकटवायची निकोटिनची पट्टी मिळते. माझी २१ मिलिग्रॅमपासून सुरू झाली, मग १४, मग ७. शरीरातलं निकोटिन दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून तलफ पुन्हा पुन्हा येते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. पट्टी तो कडा बोथट करते. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळीही आहे, २००६ पासून. ओबामांच्या २०१० च्या आरोग्य कायद्यानंतर बहुतेक विमा कंपन्यांना हा खर्च उचलावा लागतो. शिवाय १-८००-क्विट-नाऊ या नंबरवर फोन करून बोलता येतं.

कायदा, कर, औषध, विमा, फोन. यातून माझ्या संस्कारांच्या वाट्याला काय उरतं ते त्या गृहस्थांनी सांगावं.

संस्कार वगैरे बोलणाऱ्यांच्या घरातली एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात तंबाखू मुख्यतः ओढला जात नाही, तो तोंडात असतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यात धूम्रपान करणारे चार टक्क्यांहून कमी. बाकी सगळा कारभार खैनी, गुटखा, मावा आणि मिश्रीचा. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी ही स्थिती. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आईच्या बॅगेत मिश्रीची डबी असते, हे आपल्यातल्या कितीतरी घरांत ठाऊक असतं. इथल्या दवाखान्याच्या फॉर्मवर विचारतात, "स्मोक करता का?" आई प्रामाणिकपणे "नाही" सांगते आणि दुभाषा झालेला मुलगा पुढे काही बोलत नाही. विचारा ना मराठीत, "आई, तुम्ही मिश्री लावता हे डॉक्टरांना सांगू का?" त्यात अब्रू कसली जाते?

आशियाई लोकांसाठी म्हणून इथे व्यसनमुक्तीची फोनसेवा सुरू झाली ती चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी भाषांत. दक्षिण आशियातली एकही भाषा नाही. याचा दोष मी सरकारला सगळाच्या सगळा देणार नाही. आपण स्वतःचं चित्रच असं रंगवलं आहे की हे सगळे डॉक्टर-इंजिनियर, शाकाहारी, निर्व्यसनी. मग मदत कोण देणार आणि कशाला?

आता स्वयंपाकघर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आपलं लोणचं, पापड, फरसाण, चिवडा, वर शेंगदाण्याची चटणी, आणि इथला पाव नि हॉटेलचं जेवण. बेरीज करून पाहा. फळं-भाज्या वाढवून आणि मीठ कमी करून दाब उतरतो हे अमेरिकेतल्या 'डॅश' नावाच्या प्रयोगांनी १९९७ आणि २००१ मध्ये दाखवलं आहे. पण आपल्याकडे बीपीचं निदान पुरुषाचं होतं आणि पथ्य बायकोच्या गळ्यात पडतं. "आता ही मला अळणी घालते" हे वाक्य पार्टीत हसत हसत म्हटलं जातं. ती नोकरी करून वेगळी भाजी टाकते, तुमच्या गोळ्यांची आठवण ठेवते, वर खलनायिकाही तीच. आमच्याकडे निदान झाल्यापासून रात्रीची भाजी मी करतो. मीठ निम्मं, त्याबदल्यात लिंबू, कोकम, लसणाची फोडणी. पहिले तीन आठवडे बेचव लागलं, मग जिभेला सवय झाली. आता विकतचा चिवडा खारट लागतो.

पुरोगामी वर्तुळातल्या सिगरेटबद्दलही बोललं पाहिजे. चहा, सिगरेट आणि क्रांती ही त्रयी आपल्या पिढीला प्रिय. मैत्रिणींच्या हातात ती समतेची खूण होती. पण ही खूण कुणी तयार केली? १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तंबाखू कंपनीसाठी काम करणाऱ्या एडवर्ड बर्नेजने तरुणींना सिगरेटी पेटवायला लावल्या आणि त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणवलं. बंडखोरी विकत मिळते हे कंपन्यांना आपल्या आधी कळलं होतं.

आणि तरीही "सगळा तंबाखू बंद करा" ही घोषणा मला सोपी वाटत नाही. सोलापुरात हजारो बायकांचं पोट विड्या वळण्यावर चालतं. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढून दहा हजार घरं मिळवली, २००६ मध्ये ती वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाने. वेष्टनावरचे इशारे मोठे करायची वेळ आली की विडी कारखानदार याच बायकांना पुढे करतात. त्यांना दुसरं काम कोण देणार, हा प्रश्न व्यसनमुक्तीच्या चर्चेत पहिल्या पानावर हवा.

आपल्यासाठी घाई वेगळ्या कारणाने आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत ५९ च्या आसपास. आपल्या यादीवरचे किती जण पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत ते तुम्हीच मोजा.

म्हणून एक सूचना. पुढच्या मासिक बैठकीत चहाच्या टेबलावर रक्तदाबाचं यंत्र ठेवू. यंत्र मी आणतो, दंडावर बांधायचं, मनगटावरचं नको. आकडा कुणी कुणाला विचारायचा नाही. फराळात फरसाणाऐवजी फळं ठेवावीत, ती कापायला पुरुषांनी अर्धा तास आधी यावं. मोजण्याआधी अर्धा तास चहा-सिगरेट नाही आणि पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसावं लागतं. आपल्या मंडळींना त्यातलं शेवटचं कितपत जमेल, ते बघू.