मन्याशूल : तेल लावण्यापूर्वी दोन्ही हातांची नाडी पाहावी

निजामपूर, इंदापूर, गोरेगावाकडून माणगावच्या बाजारपेठेत येणारा रुग्ण मान दुखू लागली की प्रथम आपल्याच दाराशी येतो, नाहीतर औषध दुकानात तेलाची बाटली मागतो. बहुतेक वेळा मन्यास्तंभच असतो व अभ्यंग-स्वेदनाने उतरतो. या सवयीतच धोका दडला आहे, असे आम्हांस वाटते.

वेदना एकाच बाजूस, जबड्याच्या कोनाखाली, बोटाने दाखविता येईल अशी असेल आणि तेथील धमनी दाबताच दुखत असेल, तर तो स्नायूंचा विकार गृहीत धरू नये. फे यांनी १९२७ मध्ये या वेदनेकडे लक्ष वेधले. २००४ च्या आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणातून तिचे स्वतंत्र स्थान गेले. परंतु २०१७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी धमनीभोवतीचा शोथ प्रतिमाचित्रांत दाखविला. हा शोथ बहुधा दोन आठवड्यांत शमतो.

तथापि हे निदान इतर शक्यता वगळल्यावरच करावे. तेथे धमनीचा आतला स्तर फाटलेला असल्यास मर्दनाने पक्षाघात ओढवू शकेल. सुश्रुतांनी नीला व मन्या ही मर्मे कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस सांगितली आहेत, याचे विस्मरण नको.

दुसरी शक्यता ताकायासू यांनी १९०८ मध्ये नेत्रलक्षणांवरून नोंदविलेल्या धमनीशोथाची. तो मुख्यतः तरुण स्त्रियांत आढळतो व डाव्या हाताची धमनी त्यात वारंवार सापडते. आपण स्त्रियांची नाडी परंपरेने डाव्याच हाताची पाहतो. ती मंद लागली की दौर्बल्य समजून रसायन देतो. उजवी पाहिली असती तर फरक तत्काळ कळला असता. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही मानेच्या धमनीची वेदना आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबातील २० किंवा अधिक अंकांचा फरक यांना स्थान आहे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. अशा रुग्णाची दोन्ही हातांची नाडी व रक्तदाब पाहावा, मर्दन टाळावे आणि डॉपलर तपासणीस पाठवावे. बोलणे अडखळणे, पापणी उतरणे, हातापायांतील बळ जाणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. दुकानदार बंधूंनी स्टेरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. वेदना थांबते, व्याधी मात्र झाकली जाते.

रुग्ण वेळीच पुढे पाठविणे हा वैद्याचा पराभव नव्हे, तेही चिकित्साकर्मच होय.